माणसं विकायचे दिवस

जुलै संपत आला की आमच्या वेस्ट विंडसरमध्ये माणसं विकायचे दिवस येतात.

दचकू नका, बेसबॉलबद्दल बोलतेय. या खेळात जुलैच्या अखेरीला एक दिवस ठरलेला असतो. त्या संध्याकाळपर्यंत टीम्सनी आपापसात खेळाडूंची काय ती देवाणघेवाण उरकून घ्यायची, मग दार बंद. त्याला डेडलाइन म्हणतात. ज्या टीमला यंदाच कप हवा असतो ती आपली कोवळी पोरं देऊन टाकते आणि दुसरीकडचा मुरलेला, तिशी ओलांडलेला गडी घेऊन येते. पोरांना कुणी विचारत नाही. सकाळी एका गावात दात घासलेला पोरगा संध्याकाळी दुसऱ्या गावाच्या विमानात असतो. आणि हे ठरवणारी मंडळी मैदानावर पाऊलही टाकत नाहीत. ती फ्रंट ऑफिसात बसलेली असतात, एसीत, लॅपटॉप उघडून.

यंदाही आलेत ते दिवस. दुपारभर सिकाडा किडे कान किटवतात. उन्हं कलली की आभाळ भरून येतं, गुरगुरतं आणि बरेचदा तसंच निघून जातं. रस्त्याकडेच्या फार्म स्टँडवर मक्याची कणसं आलीत. आमच्या मागच्या झाडावर लँटर्नफ्लाय चढलेत. हा किडा दिसायला देखणा, आतले पंख लालचुटूक. दिसला की चिरडा, असं इथलं सरकारच सांगतं. त्यामुळे शेजारची गोड मुलगी सुट्टीत दिवसभर आमच्या ड्राइव्हवेवर उड्या मारून ते चिरडते आणि मला बघून हात हलवते. "हाय, आंटी!" मीही हात हलवते. मला हा मोसम आवडतो, खोटं कशाला बोलू? या दिवसांत माणसं मनातलं बोलून जातात.

बेसबॉल मला कुणी शिकवला नाही. लग्न करून नागपूरहून आले ती पिस्कॅटवेच्या एका अपार्टमेंटात. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. इंजिनियरिंगची डिग्री कपाटात आणि मी सोफ्यावर. प्रकाश सकाळी जायचा तो अंधार पडायच्या बेताला यायचा. दुपारी टीव्हीवर हा खेळ लागायचा. बराच वेळ कुणी काही करत नाही, नुसते उभे असतात, थुंकतात, टोपी नीट करतात. मला वाटलं, चला, आपल्यासारखं रिकामं कुणीतरी सापडलं! मग हळूहळू कळलं, की ते रिकामे नसतात, वाट बघत असतात. त्या दिवशी मी या खेळाच्या प्रेमात पडले. पुढे मित्रा झाली. संघमित्रा तिचं नाव, पण इथे एवढं लांब नाव कोण घेतं? तिला मी वरणभात बेसबॉल बघतबघत भरवला. पडद्यावरचे आकडे वाचून ती अंक शिकली. शाळेत तिने अ‍ॅव्हरेज काढून दाखवलं तेव्हा टीचरने मला बोलावून विचारलं, हे तिला घरी कोण शिकवतं. मी म्हटलं, टीव्ही.

आमच्या ग्रुपात हा खेळ मी आणला, हे आता कुणाला आठवत नाही. वेस्ट विंडसरला घर घेतलं तेव्हा श्रीरंगभाऊजी आणि मेधा शेजारच्याच गल्लीत राहायला होते. मूळचे पुण्याचे. भाऊजी एका बँकेच्या आयटीत. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "नागपूरला कुठे?" मी म्हटलं, इंदोऱ्याला. "आणि आडनाव?" मेश्राम. "अच्छा, अच्छा," ते म्हणाले, आणि दुसऱ्या अच्छाला आवाज एक पायरी खाली उतरला. आमच्या लोकांचे कान या बाबतीत तयार असतात. पण माणूस गप्पिष्ट, घर उघडं, बेसमेंटात भिंतभर टीव्ही. क्रिकेटशिवाय दुसरं काही न बघणारे ते सगळे बाप्ये. स्ट्राइक कशाला म्हणतात, पोरगा पळत सुटतो तो का, हे त्यांना मी समजावलं. दोन मोसमांत श्रीरंगभाऊजी मला समजवायला लागले.

त्या बेसमेंटात डेडलाइनच्या आधीचे शनिवार असे काही रंगायचे, की बायका वर स्वयंपाकघरात आणि मी खाली, बाप्यांत. पोहे, बीअर आणि पोरांची चिरफाड.

"हा डावखुरा विका. भाव आहे तोवर विका, यार."

"खांद्याचं ऑपरेशन झालंय त्याचं."

"मग घेणाऱ्याच्या लक्षात यायच्या आत विका!"

"हा म्हणे एकोणीसचा. थोबाड बघा, पंचविशीचं वाटतंय. या लोकांच्या जन्मतारखांचं काही खरं नसतं."

मी काही कमी नव्हते. पोरं जपा, वाढू द्या, असं कुणी हळवं बोलायला लागलं की माझं डोकं फिरायचं. "कप पाहिजे की पाळणाघर चालवायचंय?" हे वाक्य माझं. श्रीरंगभाऊजी हल्ली ते स्वतःचं म्हणून वापरतात. अजूनही माझं मत तेच आहे, उगाच वय झालं म्हणून मी मऊ पडलेली नाही. गंमत एवढीच, की त्या बेसमेंटात बसलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी कुठल्या ना कुठल्या कंपनीने असंच उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलं होतं. प्रकाशला तर शुक्रवारी सांगितलं, सोमवारपासून डब्लिनला, ओहायोत. मी पोटुशी, आणि हा बॅग भरतोय. एकाच्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलेलं, दुसऱ्याच्या मुलीची शाळा वर्षाच्या मध्येच सुटलेली. या लोकांना तरी त्या पोरांची दया यायला हवी होती की नाही? उलट जास्त मजा यायची. आपल्याला ज्या काठीने हाणलं ती हातात आली की कोण सोडतंय?

आणि मिठ्या. डेडलाइनच्या दिवसांत मॅच चालू असताना मध्येच एखाद्या पोराला मैदानावरून बोलावून घेतात. लागलेलं नसतं, काही चुकलेलं नसतं. तो गोंधळून कडेच्या बाकाकडे येतो आणि तिथले सोबती एकेक उठून त्याला मिठी मारायला लागतात. म्हणजे समजायचं, विकला. अजून बातमी नाही, घोषणा नाही, पण कॅमेऱ्याने मिठी पकडलेली असते. आमच्या बेसमेंटात त्यावर आरोळी उठायची. "मिठी पडली! मिठी पडली!" एखादं पोरगं त्या मिठीत रडायचंही. मग कुणीतरी म्हणायचं, "रडतंय बघा, बरं झालं विकलं."

मित्राला आमच्या टीमच्या फ्रंट ऑफिसात नोकरी लागली ते हे सगळं ऐकत मोठी झाल्यावर. टीमचं नाव मी लिहिणार नाही. स्टॅटिस्टिक्स शिकली, रट्टा मारून नाही, आवडीने. काम काय, तर सगळ्यात खालच्या पायरीवरची अ‍ॅनलिस्ट. आकडे गोळा करायचे, तक्ते करायचे, मीटिंगमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं. पण आपल्या लोकांना पोरांची नोकरी आहे तेवढीच सांगता येते का कधी? प्रकाशने मराठी मंडळात सांगितलं, मंडळाने गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात तिचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ. निवेदिका पैठणीत, माइक तोंडाशी: "आपल्या सर्वांच्या लाडक्या टीममध्ये कुणाला घ्यायचं, कुणाला द्यायचं, हे आता ठरवणार आहे आपली मित्रा!" टाळ्यांचा कडकडाट. मित्रा माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "आई, व्हॉट इज शी सेइंग? आय मेक चार्ट्स." मी म्हटलं, जाऊ दे, सत्कारात थोडं जास्तच बोलतात. श्रीरंगभाऊजी स्टेजवर चढले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. "आमच्या बेसमेंटात वाढलेली पोर!" मेधा जेवणाच्या लाइनीत माझ्यामागे होती. ती म्हणाली, "छान झालं गं, छाया. त्यांनाही हल्ली सगळ्या तऱ्हेची माणसं ठेवावी लागतात ना ऑफिसात." मी हसले. आपल्याला हसायचा सराव आहे.

त्या मोसमात आमच्या टीमचा एक पोरगा होता, एमिलियो. कुठल्याशा बेटावरच्या गावातून आलेला, एकोणीस वर्षांचा, काडीपैलवान. धाकट्या टीममध्ये खेळायचा. मोठ्या टीमच्या हाताखाली अशा धाकट्या टीम्स असतात, तिथे पोरं तयार करतात. त्यांचं मैदान आमच्यापासून फार लांब नाही. जूनमध्ये एका रविवारी मित्राने मला नेलं. ऊन चांगलं होतं, गर्दी बेताची, पॉपकॉर्नचा आणि ताज्या कापलेल्या गवताचा वास. एमिलियोने एक उंच उडालेला चेंडू असा काही पळत जाऊन धरला, की मी ओरडले, "अरे पोट्ट्या!" मॅच संपल्यावर तो कुंपणाशी लहान मुलांना सह्या देत उभा राहिला. शेवटचं मूल जाईपर्यंत हलला नाही. मग बाकावर बसून फोनवर बोलायला लागला. भाषा कळली नाही, पण जेवलास का, असं पलीकडून विचारलं जातंय आणि हा हो हो म्हणतोय, एवढं कुठल्याही आईला कळतं.

मी मित्राला म्हटलं, "जा ना, बोल त्याच्याशी. तू तर ऑफिसातली."

"नाही आई. आम्हाला सांगितलंय, ओळख वाढवायची नाही."

"का गं?"

"मग नीट मोजता येत नाही ना त्यांना." ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली, की मी तिच्याकडे बघतच राहिले. मग पुढे म्हणाली, "पण ही इज गुड, आई. खूपच गुड." आणि डोळे बारीक करून त्याच्या पायांकडे बघत राहिली.

जुलै आला. आमची टीम वरच्या नंबरात, फक्त एक चांगला पिचर कमी. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि त्याच्यावरच निम्मी मॅच असते. दुसऱ्या एका टीमकडे होता तसा, नावाजलेला, चौतिशीचा. त्यांनी बदल्यात एमिलियो मागितला. बेसमेंटात एकमत झालं, जे आयुष्यात कधी होत नाही. विका! श्रीरंगभाऊजी सोफ्यावर उभे राहून म्हणाले, "एमिलियो द्या, त्याचा भाऊ असेल तर तोही द्या, पण मला पिचर पाहिजे!" मीही विका म्हणाले. सगळेच माझ्याकडे वळले. "वहिनी, मित्राला सांगा ना. आपल्या घरचंच माणूस आहे आत." जसं काही मित्रा किल्ली फिरवणार आणि दार उघडणार. प्रकाशने छाती फुगवली. "सांगतो, सांगतो," म्हणाला.

डेडलाइनच्या दिवशी धाकट्या टीमची दुपारची मॅच होती. बऱ्याच जणांनी ऑफिसातून वर्क फ्रॉम होम घेतलं आणि लॅपटॉप उघडे टाकून बेसमेंटात जमले. मध्येच एमिलियोला बोलावलं. तो आला, हातमोजा काढला, पुन्हा घातला. एका दांडगट पोराने त्याला छातीशी धरलं. मग दुसऱ्याने. एमिलियोने टोपी चेहऱ्यावर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "मिठी पडलीऽऽ!" बेसमेंट दणाणलं. कुणीतरी मला टाळी दिली. मी मित्राला मेसेज केला, झालं का गं? तिने वाचला, उत्तर दिलं नाही.

पिचर आला. त्याच्या नावाच्या जर्सी मंडळींनी मागवल्या. थोड्याच मॅचेस खेळला आणि एक दिवस चेंडू टाकतानाच कोपर धरून खाली बसला. तसाच आत गेला, पुन्हा बाहेर आला नाही. त्याचा मोसम संपला, आमच्या टीमची वाट लागली. आणि तिकडे एमिलियो नव्या टीममध्ये चेंडू स्टेडियमबाहेर भिरकावत सुटला.

आता ज्यांनी सोफ्यावर उभं राहून विका म्हटलं, त्यांना हे आठवेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कधी कुठल्या टीमचे चाहते नव्हता. कुणी विकलं एमिलियोला? कुठल्या गाढवाने? फ्रंट ऑफिसात बसवलंय कुणाला? ग्रुपवर रोज हाच विषय, आणि ग्रुपवर मी, प्रकाश दोघंही. ऑगस्टातल्या एका सकाळी मी भेंडी चिरत होते, फोन वाजला. श्रीरंगभाऊजींचा मेसेज होता: "मेरिट सोडून माणसं भरली की असंच होणार. तिकडे जन्मभर भोगलं, आता इथेही तेच." कुणीतरी विचारलं, कुणाबद्दल बोलताय? भाऊजींनी लिहिलं: "ज्याला कळायचं त्याला कळलं." पटापट अंगठे उठले. शाल पांघरवणाऱ्यांचे, टाळ्या वाजवणाऱ्यांचे.

मी सुरी बाजूला ठेवली. हे शब्द मी नागपूरला इंजिनियरिंगच्या हॉस्टेलात ऐकलेत, नोकरीच्या मुलाखतीबाहेर ऐकलेत, ते सातासमुद्रापार माझ्या ओट्यावर येऊन पडले. आणि कुणासाठी, तर या देशात जन्मलेल्या, इथल्याच शाळेत शिकलेल्या माझ्या पोरीसाठी, जिला कोटा म्हणजे काय हेही मला बसून समजवावं लागलं असतं. मी लिहिलं: "भाऊजी, नाव घेऊन लिहा ना. मित्राला कुठल्या कोट्यातून घेतलं तेही लिहा."

उत्तर आलं: "वहिनी, तुम्ही पर्सनली घेताय. मी जनरल बोलतोय, फ्रंट ऑफिसबद्दल." मागोमाग दुसरा: "खेळ आहे, वहिनी, चिल करा यार." मागोमाग हात जोडलेले इमोजी.

प्रकाश ऑफिसातून आला तेव्हा मी त्याला फोन दाखवला. त्याने वाचलं, बूट काढले, पुन्हा वाचलं. "जाऊ दे गं," म्हणाला. "श्रीरंग तोंडाचा फाटका आहे, मनात काही नसतं. शनिवारी त्यांच्याकडे जेवायला जायचंय." मी म्हटलं, तू जा. तो गेला.

मित्राला मी फोनवर विचारलं, "तू विकलंस का गं त्याला? तू काय म्हणाली होतीस?"

"आई, आय कान्ट. सही केलीये मी. ऑफिसातलं बाहेर बोलता येत नाही."

"मला पण नाही?"

"तुला तर नाहीच," ती म्हणाली आणि थकल्यासारखं हसली. म्हणजे पोरीचं नाव असं भर चौकात मळत होतं आणि तिची बाजू काय ते मलाच ठाऊक नव्हतं. भांडू तरी कशाच्या जोरावर? मी ग्रुप मात्र सोडला नाही. आपल्याबद्दल लोक काय बोलतात, ते कळायला नको?

ऑक्टोबरात टीमने वरच्या साहेबाला काढलं आणि नवा साहेब शोधायला लागले. ग्रुपवर मग उमेदवारांची छाननी. शिक्षण काय, आधी कुठे होता, तिथून का सोडलं, बोलायला कसा आहे. मेधाच्या पुतणीला स्थळं बघताना एवढी चौकशी झाली नसेल. श्रीरंगभाऊजींचं म्हणणं, कडक माणूस आणा, आल्या आल्या झाडू मारणारा. तसाच मिळाला. आल्या आल्या त्याने मित्राच्या विभागाला झाडू मारला. सकाळी व्हिडिओ कॉल, कॉल संपायच्या आत लॅपटॉप बंद पडलेला. विकला गेलेल्या पोराला निदान दुसरी टीम तरी असते. हिला पार्किंग लॉट.

ती दुपारी घरी आली. पानगळ सुरू झालेली, अंगणात पिवळ्या पानांचा खच, त्यातून ती बॅकपॅक अडकवून चालत आली. मी दारातच हात पसरले. ती मागे सरकली. "मिठी नको ना, आई. प्लीज." एवढंच म्हणाली आणि वर खोलीत गेली. मी तशीच उभी. एखाद्या आईच्या वाट्याला याहून वाईट दुपार येत असेल तर मला माहीत नाही.

त्याच वेळी ग्रुपवर फटाके फुटत होते. "साफसफाई सुरू! अखेर!" मित्राचं कुणाला कळलं नव्हतं म्हणावं, तर मेधाचा मला वेगळा मेसेज आला: "आत्ताच कळलं गं. वाईट वाटलं. पण मिळेल तिला तिच्या लायकीचं काहीतरी." मी तो मेसेज वाचला आणि फोन पालथा घातला. शिव्या मला खूप येतात, पण त्या सगळ्या मराठीत आहेत आणि मेधाला मराठी छान कळतं.

काही दिवसांनी मित्रा खाली आली, चहा घेतला आणि आपण होऊन बोलली. डेडलाइनच्या आधीच्या मीटिंगमध्ये तिने सांगितलं होतं, एमिलियोला विकू नका. सांगितलं होतं, की त्या पिचरचा हात आता आधीसारखा वरून येत नाहीये, कोपर जाणार आहे त्याचं. कोपऱ्यातल्या खुर्चीतून उठून सांगितलं होतं, सगळ्यांसमोर.

"मग?"

"मग काय? माझा बॉस म्हणाला, नोटेड."

"आणि तो बॉस?"

"ही गॉट प्रमोटेड, आई. नव्या साहेबाला अनुभवी माणूस हवा होता हाताखाली."

प्रकाश तिथेच होता, टेबलाशी. सगळं ऐकलं त्याने. डोळे पुसले. "कमाल आहे या लोकांची," म्हणाला. मी उठून फोन घेतला, ग्रुपवर लिहिणार तोच मित्राने हात धरला. नाही, आई. सही केलीये. अजून नोकरी शोधायचीये मला, हे बाहेर गेलं तर कुणी उभं करणार नाही. मग काय, गिळलं. अख्खा हिवाळा गिळला. बर्फ लोटताना गिळलं, पुढे एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमात भाषणं ऐकताना गिळलं. मित्राला ओहायोतल्या त्याच डब्लिनला एका विमा कंपनीत काम मिळालं. तिथे ती कुणाचं घर किती धोक्यात आहे ते मोजते. बेसबॉल बघत नाही. मी फोनवर स्कोअर सांगायला लागले की म्हणते, "आई, दुसरं बोल ना काहीतरी."

आणि आता पुन्हा जुलै. मेधाचा फोन आला. "अगं, किती दिवस धरून बसणार? खेळातलं बोलणं ते. ये ना शनिवारी, तुझ्याशिवाय मजा येत नाही यांना." मी मित्राला विचारलं. ती म्हणाली, "जा की. आणि सांग हवं तर त्यांना सगळं. तिथे आता माझ्या ओळखीचं कुणी उरलं नाही. हू केअर्स?"

मी केअर करत होते. मला एकच गोष्ट हवी होती, त्या बेसमेंटात माझ्या पोरीचं नाव धुऊन निघायला हवं होतं. दोन दिवस मनात वाक्यं जुळवली. चांगली साडी नेसले. प्रकाशने विचारलं, साडी कशाला? मी म्हटलं, असंच.

तेच बेसमेंट, तोच सोफा; टीव्ही तेवढा नवा, आणखी मोठा. आणि त्यावर योगायोगाने एमिलियो. अंगाने भरलाय, दाढी राखलीय. पहिल्याच फटक्याला चेंडू प्रेक्षकांत. श्रीरंगभाऊजींनी कपाळावर हात मारला. "हे असलं पोरगं विकणाऱ्याला भर चौकात उभं करायला पाहिजे." मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

मी सांगितलं. आवाज चढवला नाही. मीटिंग कधी झाली, मित्रा काय म्हणाली, पिचरच्या हाताबद्दल काय म्हणाली, तिला काय उत्तर मिळालं, पुढे कोण वर गेलं आणि कोण घरी आलं. एवढंही सांगितलं, की तेव्हा इथे बसलेले आपण सगळे विका म्हणत होतो आणि ती एकटी नको म्हणत होती. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. एकाने मान खाली घातली. मेधा पायऱ्यांवर ट्रे घेऊन थांबली होती. मला वाटलं, झालं! निघालं नाव धुऊन.

श्रीरंगभाऊजींनी ग्लास खाली ठेवला. जरा विचार केला.

"अच्छा, म्हणजे तिला माहीत होतं," ते म्हणाले. "मग नुसतं एकदा सांगून कसं चालेल, वहिनी? टेबलावर हात आपटायला हवा होता. पटवून द्यायला हवं होतं. कळत असून बॉसकडून करून घेता येत नाही, म्हणजे तिथेच पोरगी कमी पडली ना? शेवटी कपॅसिटी लागते ती हीच."

"हो ना," मेधा पायऱ्यांवरून म्हणाली. "आपल्या मुलांना बोलता आलं पाहिजे."

हळूहळू सगळ्यांच्या माना हलायला लागल्या. बरोबर आहे, बरोबर आहे. मघाशी मान खाली घातलेल्याचीही. मी प्रकाशकडे पाहिलं. आता तरी हा काही बोलेल म्हणून पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो श्रीरंगभाऊजींकडे बघत होता आणि मान डोलवत होता.